पुसलं तरी जागा वाढत नाही

शनिवारी सकाळी ‘खोली’ या कप्प्यात चार हजार एकशे सहा फाइली होत्या. आधीच्या शनिवारी त्याच कप्प्यात चार हजार एकशे एकोणतीस होत्या. तिने वजाबाकी मनात केली, मग कागदाच्या कोपऱ्यावर केली, आणि दोन्हीकडे तेवीस आल्यावर पेनाला टोपण लावून ठेवलं. चहा निवत होता. स्वयंपाकघरात बाबा नळाखाली कप विसळत होते. कप विसळायला इतका वेळ लागत नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. हा विचार कुठून आला ते तिला कळलं नाही. कप रोज तेवढाच वेळ विसळला जात असेल. तिने कधी लक्ष दिलं नव्हतं, एवढंच.

घरचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचा संगणक, हॉलच्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या रिकाम्या टेबलावर होता. टोस्टरहून जरा मोठा काळा डबा, त्यात चार डिस्क. चारींचा मिळून एक पूल केलेला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एकच मोठं कपाट दिसे आणि त्यात वेगवेगळे कप्पे: फोटो, कागदपत्रं, गाणी, खोली. आतून मात्र त्या डिस्क जोडीजोडीने बांधलेल्या होत्या. जोडीतली एक जे लिहील तेच दुसरी लिहून ठेवी, एक मेली तर दुसरीकडे सगळं शाबूत. हे तिने स्वतः बांधलं होतं, हौसेने, लिनक्सवरची पानंच्या पानं वाचून, आणि दर शनिवारी ती त्याची तपासणी करी. मशीन प्रत्येक डिस्कचा कण न् कण वाचून दोन प्रती पडताळून बघे आणि शेवटी चुकांचा आकडा देई. आजही तो शून्य होता. तेव्हा मशीनवर संशय घ्यायला जागा नव्हती. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. उपकरणाचा दोष निघाला की सगळ्यांना हायसं वाटतं हे तिला ठाऊक होतं. उपकरण ठीक निघालं की मग कोणीतरी उठून विचारतं, नमुना घ्यायला कोण गेलं होतं?

‘खोली’ म्हणजे आईची खोली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पुस्तकांच्या फळीवर एक छोटा कॅमेरा लावला होता, म्हणजे ती प्रयोगशाळेतून आणि दादा त्याच्या ऑफिसातून फोनवर आईकडे बघू शकत. खोलीत काही हललं किंवा कोणी बोललं की कॅमेरा चालू होई, थोडा वेळ टिपून घेई आणि ते सर्व्हरवर पाठवी. पडदा हलला, बाबा औषध घेऊन आले, आईने कूस बदलली: प्रत्येकाची एक फाइल, नावात तारीख आणि वेळ. आई गेली, खाट गेली, कॅमेरा खणात गेला, आणि फाइली राहिल्या. राहिल्या, कारण जागा भरपूर होती. त्या ठेवायच्या असं काही कोणी ठरवलं नव्हतं. वर्षभरात त्यातली एकही उघडून बघण्याची हिंमत तिला झाली नव्हती. दर शनिवारी ती फक्त त्या मोजायची, आणि आकडा तोच आला की बरं वाटायचं. जसं काही आई आतल्या खोलीत आहे आणि आपण दार न उघडता कानोसा घेतला.

पुसल्या कोणी हे कळणं सोपं नव्हतं. घरासाठी एकच खातं होतं, एकच पासवर्ड. बाबांचा टॅब, दादाचा फोन, तिचा फोन, सगळे त्याच नावाने आत शिरत. पण पुसलेलं गेलेलं नव्हतं. रोज पहाटे मशीन प्रत्येक कप्प्याचा स्नॅपशॉट घेई, म्हणजे त्या क्षणी जिथे जे आहे ते जसंच्या तसं धरून ठेवी. नंतर कोणी वरून काही पुसलं तरी त्या जुन्या पहाटेत ते तसंच असे. तिने मागच्या आठवड्याची पहाट उघडली आणि नुसती नावं वाचली. तेवीसच्या तेवीस आईच्या शेवटच्या दोन दिवसांची होती. शेवटची बारा शेवटच्या दुपारची. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. कारण त्या दुपारी घरात बाबा एकटे होते आणि त्यांचा फोन आई गेल्यावर बऱ्याच उशिरा आला होता. जिन्यात लोक चपला शोधत असताना दादाने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “बाबांनी फोन इतक्या उशिरा का केला गं?” आणि तिने “गोंधळले असतील” म्हटलं होतं. त्यानंतर तो प्रश्न दोघांनीही काढला नव्हता. पुसणाऱ्याने कुठूनही पुसायला सुरुवात केली असती, महिन्यांमागच्या एखाद्या कंटाळवाण्या दिवसापासून. त्याने नेमकी तीच दुपार उचलली होती. वाळवी अशी वागत नाही, डिस्क अशी वागत नाही. माणूसच असा वागतो.

फाइल उघडून बघणं हा एक रस्ता होता. तिने बोट बटणावर नेलं आणि परत घेतलं. त्याऐवजी दादाला फोन लावला, बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन. दार ओढताना बाबांनी आपल्याकडे बघितलं का, हे तिने काचेत बघून घेतलं.

“दादा, तू खोलीतलं काही पुसलंस का?”

“कुठली खोली?”

“कॅमेऱ्यातली. आईची.”

“मी?” तो हसला. “मी फोनमधले लोकांचे सुप्रभातसुद्धा पुसत नाही, तुझी वहिनी त्यावरून रोज आरती ओवाळते माझी. मी कशाला पुसू?”

“मग कोणी पुसलं?”

“तुमच्या घरात माणसं किती?”

“दोन.”

“झालं तर. गणित तुझंच चांगलं आहे.” मग त्याचा आवाज उतरला. “त्या दिवसाचं गेलं का?”

“हो.”

“तू बघितलं होतंस?”

“नाही. तू?”

“मीही नाही.” पलीकडे कोणीतरी खुर्ची ओढली. “बघायला हवं होतं का गं आपण?”

दादा खरं बोलत असावा, असं तिला वाटलं. आणि लगेच असंही वाटलं की ‘त्या दिवसाचं’ हे त्याला न सांगता कसं कळलं. मग तिने स्वतःलाच फटकारलं. त्याच्याही डोक्यात तीच दुपार असणार, दुसरी कुठली असणार? संशयाचं हे असं असतं, एकदा नळ उघडला की वाटेल त्या भांड्यात पाणी पडायला लागतं. आत आल्यावर तिने सर्व्हरवर एक जास्तीची नोंद चालू केली: कोणत्या उपकरणाने, कोणत्या कप्प्यातून, काय काढलं. करायला दोन ओळी लागल्या. करताना पाठीमागे बाबा सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि तिने पडद्यावरची अक्षरं बारीक केली. बाबांना तसंही त्यातलं ओ की ठो कळलं नसतं.

तो आठवडा तिने घरात हेरासारखा काढला. बाबांचा टॅब जेवणाच्या टेबलावर उपडा असायचा. आधीही असायचा का? ते आंघोळीला जाताना तो खोलीत नेऊन ठेवायचे. तिला लहानपणापासून ते ‘इन्स्पेक्टर’ म्हणत, कारण ती दुधाच्या पिशव्या वजन करून घ्यायची, आणि त्या आठवड्यात त्यांनी एकदाही तशी हाक मारली नाही. की मारली आणि तिने ऐकली नाही? प्रयोगशाळेत ती पाण्याच्या बाटल्यांवर चिकटवलेले क्रमांक वाचत असे आणि मध्येच तिला आईची खोली दिसे, फोनच्या पडद्यावर दिसायची तशी, वरून, एका कोपऱ्यातून, जशी कुठलीच खोली खरी कोणाला दिसत नाही. आईला तो कॅमेरा आवडला नव्हता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, सगळी नोकरी लोकांच्या आवाजांत बसून काढलेली. “दोघांना जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा,” असं ती सांगायची. “पहिल्या दिवशी हेच शिकवलं आम्हाला. बाकी सगळं नंतर.” कॅमेरा लावल्यावर ती त्याच्यावर टॉवेल टाकायला लावायची. एकदा अशीच दुपारी प्रयोगशाळेत बसून ती फोनवर बघत होती आणि पडदा एकदम काळा झाला. नुसता आवाज येत राहिला. पंख्याचा. मग बाबा म्हणाले, “झाकलं बघ.” आणि आई म्हणाली, “झाकलेलं ऐकतं.” तेव्हा तिला हसू आलं होतं. तिने बाजूच्या टेबलावरच्या सहकारिणीलाही ते ऐकवलं होतं, इअरफोनचा एक तुकडा काढून तिच्या कानात देऊन. आता ते आठवलं की मान गरम व्हायची, आणि त्या गरम होण्यावरही तिचा विश्वास बसेना. वाटायचं, हे खरं वाटतंय की वाटायला हवं म्हणून वाटतंय?

ती नोंद तिने उघडली चौथ्या दिवशी. बाबांचा टॅब. रोज सकाळी, ती बसमध्ये असताना, थोड्या थोड्या फाइली, शेवटच्या दिवसाकडून मागे मागे. एका झटक्यात अख्खा कप्पा निवडून पुसता येतो हे त्यांना माहीत नसावं. एकेकीवर बोट दाबून धरत असतील. तिने ती यादी प्रयोगशाळेत फोनवर वाचली आणि आपल्याला अजिबात आश्चर्य वाटत नाही हे बघून तिला भीती वाटली. घरी आल्यावर दोघं समोरासमोर बसून जेवले, मीठ इकडून तिकडे दिलं, आणि ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटी शनिवारी सकाळी बाबाच बोलले. ती टोस्टला लोणी लावत होती.

“इन्स्पेक्टर, एक विचारू? पुसलं तरी जागा का वाढत नाही?”

सुरी थांबली. “कशाची जागा?”

“तुझ्या डब्यातली. टॅबवर खाली पट्टी दिसते ना, किती भरलंय, किती मोकळं. मी रोज बघतोय. ती ढिम्म हलत नाही.”

“तुम्ही काय पुसताय, बाबा?”

“तू मोजतेस की. तुला माहीत असणारच.”

मग लपवण्यात अर्थ नव्हता. तिने त्यांना पहाटेचं सांगितलं: मशीन रोज सगळं धरून ठेवतं, म्हणून आपण पुसतो तेव्हा फक्त नाव जातं, वस्तू तिथेच असते, आणि ज्या ज्या पहाटेने ती धरलीय त्या सगळ्या काढल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

“म्हणजे मी वरून पुसतोय आणि खालून तू धरून बसली आहेस.”

“मी नाही. ते आपोआप होतं.”

“आपोआप कोणी लावलं?”

बाबांनी टोस्टची ताटली तिच्याकडे सरकवली, तिचीच, जी आधीच तिच्यासमोर होती.

“तिने सांगितलं होतं मला,” ते म्हणाले. “मी गेल्यावर ते सगळं काढून टाक. मला असं पडलेलं कोणी बघायला नको. मी हो म्हणालो. मग वर्षभर हात होईना. आता झाला.”

“मला सांगायचं होतंत.”

“तुला सांगितलं असतं तर तू ठेवलं असतंस.”

हे खरं होतं, म्हणून तिला राग आला. रागाच्या भरात ती जे विचारणार नव्हती ते विचारून बसली, आणि आवाज प्रयोगशाळेतला निघाला, नमुना कोणी घेतला असं विचारणारा.

“फोन उशिरा का केलात?”

“कधी?”

“तुम्हाला माहीत आहे कधी. फाइलीच्या नावात वेळ असते, बाबा. तुमच्या फोनआधीची शेवटची फाइल आणि फोन यात पाऊण तास आहे.”

बाबांनी खिडकीकडे बघितलं. समोरच्या इमारतीत एक माणूस शिडीवर चढून खिडकीच्या काचा पुसत होता. “ती म्हणाली, लगेच कोणाला बोलावू नकोस. सगळे धावत येतील. बस जरा माझ्याजवळ. बसलो.”

“आणि?”

“आणि बसलो. तिच्यानंतरही थोडा बसलो.” मग ते तिच्याकडे वळले. “पटत नसेल तर बघ. आहेच ना तुझ्याकडे खाली. फक्त बघितलंस तर मला सांगू नकोस.”

ते वाक्य अडखळत आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते सरळ आलं, घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखं. एखादा माणूस वर्षभर खरं मनात धरून बसला तरी त्याची अशीच घडी पडेल. आणि खोटं धरून बसला तरीही. मोजणी फार स्वच्छ आली की प्रयोगशाळेत ती पुन्हा करतात. आईला डॉक्टर हवा होता का, आईने खरंच ‘बस’ म्हटलं का, की बाबाच घाबरून बसून राहिले, हे त्या बारा फाइलींत होतं, निदान आवाजात तरी, टॉवेलखालून. बघितलं तर आईचा शब्द मोडतो. न बघता पुसलं तर आयुष्यभर समोर बसून जेवणाऱ्या या माणसाकडे बघताना मनात एक खडा राहणार. ती टोस्ट खात राहिली. बाबांचे हात टेबलावर होते, एकावर एक ठेवलेले, म्हातारे, नखं नीट कापलेली. हे हात, असा विचार तिने सुरू केला आणि पुरा केला नाही.

आणि मग तिला दादाच्या घरची डिस्क आठवली. एकाच घरात सगळं ठेवायचं नाही, आग लागली, पाणी शिरलं तर काय, म्हणून सर्व्हरची अख्खी नक्कल दादाकडे एका छोट्या डब्यात जात असे, रोज पहाटे, इंटरनेटवरून. तिथे ‘खोली’ होती. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद करून ठेवतात; निकालावर कोणी वाद घातला तरच तो फोडायचा. बहुतेक कधीच फोडत नाहीत. तरी तो आहे म्हणून निकालावर सही करणाऱ्याचा हात कापत नाही. तिला एकदम हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं बरं नाही हेही त्याच वेळी कळलं.

“पुसू या,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर. सगळ्या पहाटांसकट.”

“दादाला विचारायला नको?”

“मी सांगीन त्याला.”

बाबा खुर्ची घेऊन तिच्या शेजारी बसले. तिने आज्ञा लिहिली, एकच ओळ: हा कप्पा, त्याचे सगळे स्नॅपशॉट, सगळं नष्ट. मशीनने ‘नक्की का?’ असं विचारलं नाही; ते कधी विचारत नाही, आणि याचा तिला आधी अभिमान वाटायचा. बाबा टॅबवरच्या पट्टीकडे टक लावून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी पान बोटाने खाली ओढून ताजं केलं आणि पट्टीवरची मोकळी जागा एक्याण्णव गीगाबाइटनी वाढली.

“हलली,” ते म्हणाले.

उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या लहानपणी ठेवायचे तसा, आणि तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं की दादाकडे आहे. सांगितलं नाही. ते आत जाऊन आडवे झाले आणि दुपारी चांगले घोरले. ती हॉलमध्ये बसून ते घोरणं ऐकत राहिली. निर्धास्त माणूस घोरतो. पण सुटलेलाही घोरतो. एकदाच ऐकायचं, तिने ठरवलं. बघायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि फक्त ती शेवटची बारा. त्यानंतर तिकडचंही पुसून टाकायचं. बाबांना कळायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन ती दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं. “तुझा डबा बघायला आलीस ना? मांजर बसलंय त्याच्यावर. ऊब लागते म्हणून जागचं हलत नाही. उठवायचं तर तूच उठव, मला ओरखडतं.” टीव्हीखालच्या फळीवर डबा होता, त्यावर करडं मांजर. तिने वायर लावली, मांजराला हात न लावता. दादा मागे येऊन उभा राहिला.

“सापडलं का कोणी पुसलं ते?”

“बाबांनी.”

“मला वाटलंच.” तो तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकला. “मग आता?”

तिने कप्प्यांची यादी मागितली. फोटो आले, कागदपत्रं आली, गाणी आली. तिथे यादी संपली. तिने यादी पुन्हा मागितली. मग पहाटेच्या नकलेची आज्ञा उघडली, जी तिने दोन वर्षांपूर्वी स्वतः लिहिली होती. ती लिहिताना तिची एकच काळजी होती, नक्कल बिनचूक राहावी. म्हणून त्या ओळीत तिने सांगून ठेवलं होतं की घरच्या सर्व्हरवर जे नवीन आलं असेल ते इथे आण, आणि तिथे जे राहिलं नसेल ते इथूनही काढ, त्याच्या पहाटांसकट. ओळ बरोबर होती. आज पहाटे ती चालून गेली होती, एका मिनिटाच्या आत, एकही चूक न दाखवता.

“काय झालं?” दादा म्हणाला.

“काही नाही. मोजतेय.”

तिने कप्प्याच्या नावाने शोधलं. मग कॅमेऱ्याच्या फाइलींच्या नावाने, सगळ्या डिस्कवर, उरलेल्या प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये. वहिनीने चहा आणून ठेवला. मग नुसत्या त्या तारखेने शोधलं, कुठल्याही प्रकारची, कुठल्याही नावाची फाइल चालेल असं सांगून, आणि मशीन डिस्कच्या शेवटापर्यंत जाऊन येईपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही.

पहिल्यांदा शून्य आलं. दुसऱ्यांदा शून्य. तिसऱ्यांदा शून्य.